नखाग्रांपर्यंत

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन असे दोघे आत्म्याची ओळख करून घ्यायला प्रजापतीकडे जातात. 32 वर्षं ब्रह्मचर्याने राहिल्यावर प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात डोकावायला लावतो. दोघांना आपलं रूप दिसतं, अंगावरच्या लवेपासून नखांपर्यंत जसंच्या तसं. मग तो म्हणतो, आता दागिने घाला, चांगली वस्त्रं नेसा, नीटनेटके व्हा आणि पुन्हा बघा. 'नीटनेटके व्हा' म्हणजे नेमकं काय करा, हा प्रश्न आपल्याला पडत नाही; शंकराचार्यांना पडला. भाष्यात त्यांनी त्याचा अर्थ केस आणि नखं काढून असा दिला, आणि आपल्या घरी जसे नटता तसे नटा, असंही जोडलं. म्हणजे ब्रह्मविद्येच्या या नामांकित पाठात मधली एक पायरी चक्क घरच्या घरी करायच्या मॅनिक्युअरची आहे. पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. सजलेलं प्रतिबिंब पाहून विरोचन खूश होऊन परत जातो आणि देह हाच आत्मा असं असुरांना शिकवतो. इंद्र अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो, कारण त्याला खटकतं की देह सजला की हा आत्मा सजतो, तर देह आंधळा झाला की हाही आंधळा होणार. यावरून काढला जाणारा बोध ठरलेला आहे: देहाचे लाड म्हणजे आसुरी वृत्ती. मला हा बोध घाईचा वाटतो. नखं दोघांनीही काढली होती आणि काढायला सांगणारा खुद्द गुरू होता. विरोचन चुकला तो नखं काढण्यात नव्हे, काढून झाल्यावर बघायचं सोडून देण्यात.

हा प्रश्न पोथीतून उचलून जमिनीवर ठेवायचा तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली गावं त्याला फार सोयीची आहेत. 1676 च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांची गादी तंजावरात बसली आणि 1855 साली ती संपली, पण तोवर कुंभकोणम, तिरुवैयारु, मन्नारगुडी या परिसरात मराठी घरं रुजली होती. या पट्ट्यात हाताला जितकी कामं आहेत तितकी फार थोड्या ठिकाणी असतील: भाताची लावणी, सोवळ्यातला स्वयंपाक, वीणा, नृत्यातली हस्तमुद्रा. आणि आडी महिना आला, म्हणजे आपला आषाढ-श्रावणाचा सांधा, की या सगळ्या हातांना मेंदी लागते. आडीच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला, कावेरीच्या घाटांवर आडिपेरुक्कु साजरा होतो. नदी गरोदर आहे असं मानून बायका तिला चित्रान्नाचे प्रकार, ताडपत्राची कर्णभूषणं आणि काळे मणी वाहतात. मेंदीला तिथे मरुदाणी म्हणतात. कोनातून काढलेली उत्तरेकडची वेलबुट्टी हे तिचं जुनं रूप नव्हे. ओला पाला सुपारीच्या खांडाबरोबर, थोडी चिंच किंवा लिंबू घालून पाट्यावर वाटायचा, तळहाताच्या मधोमध एक मोठा ठिपका द्यायचा आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला, नखासकट, लगद्याची टोपी चढवायची. या प्रकाराला तमिळमध्ये नावही टोपी हेच आहे. रात्रभर ती टोपी वाळते, आक्रसते आणि सकाळी तिचे कवच फुटल्यासारखे तुकडे पडतात.

आता जवळून बघण्यासारखी गोष्ट पुढे घडते. मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य कातडीतल्या आणि नखातल्या केराटिनला चिकटतं. कातडीचे वरचे थर झडत राहतात, म्हणून तळहातावरचा ठिपका दोन-तीन आठवड्यांत फिका पडून नाहीसा होतो. नख मात्र झडत नाही, पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मधल्या बोटाचं जरा लवकर, करंगळीचं सावकाश. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सुमारे सहा महिने लागतात. त्यामुळे आडीतला तांबूस रंग फिका न पडता जागच्या जागी चालू लागतो. आधी मुळाशी एक कोरी चंद्रकोर उमटते, ती रुंद होत जाते, लाल भाग टोकाकडे ढकलला जातो आणि दर खेपेला नखं काढताना त्याची एकेक कड गळून पडते. पोंगल होऊन तै महिना सरत येईपर्यंत बोटाच्या टोकावर जेमतेम एक तांबडी रेघ उरते. सहा महिन्यांत ना हात बदलला, ना त्या हाताला 'माझा' म्हणणारी बदलली. पण आडीच्या सकाळी जे नख दिसत होतं ते जवळजवळ सगळं गेलेलं असतं. पाण्यात बघून इंद्राला जे कळायला हवं होतं ते इथे रंग लावून दाखवलेलं आहे. शंकराचार्यांच्या त्या भाष्याचा रोखही असाच आहे: जी नखं मघाशी देहाचाच भाग होती, प्रतिबिंबात दिसत होती, ती आता नाहीत, येतं आणि जातं ते तू कसा असशील?

याच तंजावरात, भोसल्यांच्या दरबारात, अठराव्या शतकात 'स्त्रीधर्मपद्धति' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला गेला. कर्ता त्र्यंबकयज्वन्. तो दरबारातला मंत्री होता, असं मानलं जातं. ज्यूलिया लेस्ली या विदुषीने 1989 मध्ये या ग्रंथावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा तो जगापुढे आला. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत बाईने काय करावं, काय ल्यावं, काय टाळावं याची ही वही आहे. विटाळाच्या दिवसांचे नियम सांगताना त्र्यंबक तैत्तिरीय संहितेतल्या जुन्या आख्यानाचा आधार घेतो. इंद्राने विश्वरूपाला मारलं, त्या ब्रह्महत्येचा वाटा स्त्रियांनी घेतला, म्हणून त्या दिवसांत तिने अंगाला तेल लावू नये, काजळ घालू नये, नखं काढू नयेत. काढली तर तिला कुनखी, म्हणजे बिघडलेल्या नखांचं मूल होईल. नवरा परगावी असेल तर तिने शृंगार करू नये, हाही नियम आहेच. आजच्या वाचकाला यातलं काही पटणं अवघड आहे आणि पटवून द्यायची माझी इच्छाही नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी की धर्मशास्त्राने नखाला क्षुल्लक मानलं नाही. मनुस्मृती दाताने नखं कुरतडणाऱ्याला विनाशाच्या वाटेवरचा म्हणते आणि सोनं चोरणाऱ्याला पुढल्या जन्मी नासकी नखं देते. चरक तर पंधरवड्यातून तीनदा केस-नखं काढायला सांगतो आणि त्याने शरीराला पुष्टी, आयुष्य, शुचिता, रूप मिळतं असं म्हणतो. नखावर एवढी नजर ठेवण्यामागे काहीतरी ओळखलेलं होतं. चुकलं ते इतकंच की नजर ठेवायचं काम जिचं नख तिच्याकडे न सोपवता पंचांगाकडे, नवऱ्याकडे आणि अजून न जन्मलेल्या मुलाकडे सोपवलं गेलं. विरोचन देहापाशी थांबला, त्र्यंबक देहाच्या वेळापत्रकापाशी. आणि मरुदाणीने शृंगाराच्या या नियमाची परस्पर फटफजिती केलेली आहे: बांगड्या उतरवता येतात, गजरा काढता येतो, नवरा रामेश्वराला गेला म्हणून नखातला रंग पुसता येत नाही. तो महिन्याला तीन मिलिमीटर याच हिशेबाने जाणार.

यावर पहिला आक्षेप वैराग्याच्या बाजूने येतो. देहाकडे इतकं लक्ष देणं हेच मुळी बंधन. साधकाने नखं वाढताहेत की तुटताहेत याचा विचारच करू नये. हा आक्षेप ऐकायला उदात्त वाटतो, पण ज्या परंपरेच्या नावाने तो केला जातो तिलाच तो मान्य नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने जटा, दाढी आणि नखं वाढवावीत असं आहे. त्याच अध्यायात पुढे, त्याच्याही पलीकडे गेलेल्या संन्याशाने केस, नखं, दाढी काढलेली असावी असं आहे. दोन टोकं एकाच अध्यायात आणि क्रम आपल्या अपेक्षेच्या उलट! माझ्या मते याचा अर्थ असा: वानप्रस्थ गाव सोडतो, गावाबरोबर न्हावी सोडतो आणि सोडल्याची खूण अंगावर वागवतो. संन्याशाने ती खूणसुद्धा टाकायची आहे. वाढलेली नखं हाही शेवटी एक दागिनाच, मी काय काय सोडलं ते लोकांना सांगणारा. समर्थांचंही असंच आहे. तंजावर आणि मन्नारगुडीच्या मठांमुळे दासबोध या भागात पोचला. त्याच्या तिसऱ्या दशकात देहाची इतकी किळस आणणारी वर्णनं आहेत की जेवणाआधी वाचू नयेत. पण दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं मोजताना ज्याचे दात, डोळे, हात, पाय, कपडे सदा मळलेले असतात तोही मूर्खांत गणला आहे. देह घाणीचा आहे आणि हात स्वच्छ ठेव, ही दोन वाक्यं समर्थांना परस्परविरोधी वाटली नाहीत. ज्याला देह आपला मुक्काम वाटतो तो भिंती रंगवतो, ज्याला उकिरडा वाटतो तो भिंतीवर थुंकतो. भाड्याच्या घरात नीट राहणारा भाडेकरू या दोघांहून वेगळा असतो.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे, कारण तो शहाणपणाचा आहे. नखं काढणं म्हणजे नखं काढणं. त्यात वेदान्त शोधायचा तर शिंकेत का नको, आंघोळीत का नको? कुठल्याही किरकोळ गोष्टीवर अध्यात्माचा वर्ख चढवायची आपल्याकडे सवयच आहे, आणि ती मलाही आवडत नाही. पण नखाची गोष्ट खरोखर वेगळी आहे. शिंकेतून 'मी'चा घट्ट तुकडा हातात येत नाही. केस न कळत गळतात किंवा दुसऱ्याच्या हातून कापले जातात. दात आयुष्यात एकदोनदा. नख मात्र दर आठवड्याला, डोळ्यांसमोर, आपल्याच हाताने, आपणच ठरवलेल्या रेषेवर तुटतं. रेषेच्या आत अर्धा मिलिमीटर जास्त गेलं तर जीव कळवळतो, रेषेबाहेर काहीच कळत नाही. बृहदारण्यकात आत्मा देहात नखाग्रांपर्यंत शिरला असं म्हटलं आहे आणि उपमा दिली आहे वस्तऱ्याची, जसा वस्तरा त्याच्या घरात बसतो तसा. ऋषींनी दृष्टांत थेट न्हाव्याच्या धोकटीतून उचलला आहे! संस्कृतातल्या 'आ' या अव्ययाचे दोन अर्थ पाणिनीने सांगून ठेवले आहेत: त्या हद्दीला धरून, किंवा हद्दीला वगळून. आत्मा नखाग्रांपर्यंत, म्हणजे नखाग्र धरून की सोडून? व्याकरण दोन्ही मुभा देतं. निकाल द्यायला प्रत्येकाजवळ दहा बोटं आहेत आणि निकाल असा की ती हद्द रोज थोडी पुढे सरकते आणि तिला मागे आणणारा माणूस स्वतः असतो. देहावर दुसरी अशी जागा नाही.

ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात तर शंकराचार्यांनी नखाला साक्षीदार म्हणूनच उभं केलं आहे. सांख्यवादी विचारतो, चेतन ब्रह्मापासून अचेतन जग कसं निर्माण होईल, कारणाचा गुण कार्यात नको का? उत्तर येतं: जिवंत माणसापासून निर्जीव केस-नखं उगवताना दिसत नाहीत का, आणि निर्जीव शेणातून विंचू? शेणातून विंचू होत नाही हे आता शाळकरी पोरही सांगेल, तेव्हा अर्धा पुरावा बाद झाला. नख मात्र टिकून आहे. नखाच्या मुळाशी, कातडीखाली, जिवंत पेशी असतात. त्या केराटिनने भरतात, मरतात, चपट्या होतात आणि मागून येणाऱ्या त्यांना पुढे ढकलतात. नखाच्या बुडाशी दिसणारी पांढरट कोर ही त्या जिवंत कारखान्याची कड. जिवंत असताना ते दिसत नाही आणि दिसू लागतं तेव्हा जिवंत नसतं. पार्लरमध्ये कापली जाणारी बुडाची पातळ कातडी खरं तर या कारखान्याचं दार बंद ठेवणारी लाख आहे. ती कापली की पू होऊन नखुरडं होऊ शकतं. घरी करणाऱ्यांनी ती कोमट पाण्यात मऊ करून नुसती मागे सारावी, कापू नये. ब्रह्मसूत्रांवरून एकदम इथे यावं लागलं याचं वाचकांना हसू येईल, पण आदर ठेवायचा कुठे हे दोन्हीकडे एकच आहे: जे जिवंत आहे त्याला हत्यार लावू नये.

घरच्या घरी करण्याला आणखी एक अंग आहे आणि माझ्या युक्तिवादाचा मुख्य टेकू तोच आहे. उजवा हात डाव्याची नखं सहज काढतो. मग नेलकटर हातांत बदलतं, आणि आत्तापर्यंत मुकाट बसलेला डावा हात कर्ता होतो, उजवा कर्म. डाव्या हाताला सवय नसते, पातं वाकडं बसतं, अंगठ्याशी तर फार ओढाताण होते. मेंदी लावताना हे अधिक उघड दिसतं: एका हाताला टोप्या चढल्या की त्या हाताने दुसऱ्याला काही करता येत नाही, घरातलं दुसरं कुणीतरी बोलवावं लागतं. माध्यमिक बौद्ध ग्रंथांत एक दृष्टांत पुन्हा पुन्हा येतो की तलवार स्वतःला कापू शकत नाही, बोटाचं टोक स्वतःला शिवू शकत नाही. नागपट्टणम हे राजराज चोळाच्या काळात चूडामणी विहाराचं गाव होतं; या किनाऱ्याला असे वाद परके नव्हते. नखं काढताना तो दृष्टांत खोटा पडतोय असं क्षणभर वाटतं, पण पडत नाही. कापणारा आणि कापून घेणारा कधीच एक नसतात, फक्त जागा बदलतात. आणि जागा बदलली तरी 'मी काढतोय' ही भावना एका हातातून दुसऱ्या हातात विनातक्रार जाते. जी भावना इतक्या सहज बिऱ्हाड हलवते ती हाताची मालमत्ता नाही, एवढं तरी निश्चित. यावर बौद्ध म्हणेल, मग कुणाचीच नाही म्हणा. वेदान्ती म्हणेल, साक्षीची आहे. दोघांमधला तंटा नखाने मिटणार नाही आणि मिटतो असं मी म्हणत नाही. हात म्हणजे मी नव्हे, इथपर्यंत दोघे बरोबर येतात, आणि बहुतेकांचं रोजचं जगणं या टप्प्याच्या पुष्कळ अलीकडे थांबलेलं असतं. तंजावरी वीणा वाजवणाऱ्यांना यातली गंमत चांगली कळत असेल. तारा छेडायला उजव्या हाताच्या बोटांची नखं राखायची आणि पडद्यांवरून सरकताना अडू नयेत म्हणून डाव्या हाताची अगदी बुडापर्यंत काढायची. एकाच देहावर दोन शास्त्रं, आणि दोन्ही मिळून एक राग.

पण हे सगळं बोलताना ज्याचा उल्लेख टाळला तर लबाडी होईल तो माणूस म्हणजे न्हावी. शतकानुशतकं अग्रहारातल्या शुद्धतेचा भार त्याने वाहिला. नराणीने नखं काढायची त्याने, आणि काढून झाल्यावर त्याचा स्पर्श झाला म्हणून आंघोळ करायची ज्याची काढली त्याने. तमिळ मुलखात न्हावी वैद्यही असे आणि त्याच्या घरची बाई सुईण. म्हणजे गावाला जगात आणणारे, दुरुस्त करणारे, स्वच्छ करणारे हात तेच, आणि अस्वच्छही तेच. मळ नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर ढकलला जातो, हे या व्यवस्थेचं गणित. महाराष्ट्रात सेना न्हाव्याने आपल्या अभंगात आरसा आणि चिमटा ही धंद्याची हत्यारं विवेक-वैराग्याची करून टाकली आणि हे गणित उलटं फिरवलं. तंजावरच्या मुलखात तेच काम एका वेगळ्या गोष्टीने केलं आहे. 1693 च्या सुमारास तंजावरच्या शहाजीराजांनी तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून जास्त पंडितांना अग्रहार म्हणून दिलं. तिथे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ राहत. कथा अशी की वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी त्यांनी दारी आलेल्या भुकेल्या अंत्यजाला श्राद्धाचं अन्न वाढलं. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला आणि गंगास्नानाचं प्रायश्चित्त सांगितलं. तेव्हा गंगाच त्यांच्या अंगणातल्या विहिरीत उसळून आली. कार्तिक अमावस्येला त्या विहिरीच्या पाण्याने न्हायला आजही गर्दी लोटते. कथा ऐतिहासिक आहे की नाही हा मुद्दा नाही. अग्रहाराने स्वतःच्या आठवणीत ती जपली, शुद्धी दूर राहून येत नाही हे स्वतःविरुद्ध जाऊन कबूल केलं, हा मुद्दा आहे. आपली नखं आपण काढायला बसणं हे त्या मानाने फारच लहान काम. पण त्यात मळ कुणाच्या हाती जातो हे लपून राहत नाही.

आणि तरीही शेवटचा आक्षेप उरतो आणि त्याला माझ्याजवळ पुरतं उत्तर नाही. कोमट पाणी, फुरसत, आरसा, आत्मविचार हे कुणाला परवडतं? मेट्टूर धरणाचं पाणी जूनमध्ये सुटलं की कुरुवै हंगामाच्या भाताची लावणी सुरू होते, मागून सांबा हंगामाची. बायका दिवसभर वाकून अंगठ्याने आणि दोन बोटांनी रोप चिखलात खोचतात. त्यांची नखं काढावी लागत नाहीत, चिखलच ती झिजवतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. आपली निर्मळ बोटं याच बोटांच्या जिवावर निर्मळ राहिली, ही मिरासदारांच्या गावांची गोष्ट आहे. 1968 च्या डिसेंबरात कीळवेण्मणीत मजुरीच्या झगड्यातून 44 दलित माणसं, बहुतेक बाया आणि मुलं, एका झोपडीत जाळली गेली, तेव्हा ते गाव तंजावर जिल्ह्यातच होतं. अशा जमिनीवर उभं राहून नखांतून आत्मविद्या सांगणाऱ्याने आवाज खाली ठेवावा. मात्र एक गोष्ट या आक्षेपालाही ऐकवावीशी वाटते. मरुदाणी हा काही फक्त माडीवरच्या बायकांचा शृंगार नव्हे. पाल्याला पैसे पडत नाहीत, कुंपणाला झाड असतं, आणि चिखल्यांवर तोच पाला वाटून लावण्याची रीत शेतमजुरांच्या घरांत जुनी आहे. लॉसोनला बुरशी मारण्याचा गुण असल्याचं प्रयोगशाळांतही दिसलेलं आहे. औषध आणि शोभा तिथे वेगळ्या वाटीत नसतात. झिजलेल्या नखालाही टोपी चढते, आणि रंग चिखलातल्या हातालाही चढतो.

बाटलीतल्या नेलपॉलिशचं काय, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर या प्रदेशातच, नागूरला मिळतं. तिथल्या दर्ग्याचा सगळ्यांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी बांधवला. इस्लाममध्ये नखं काढणं हे माणसाच्या मूळ प्रकृतीला शोभणाऱ्या कृत्यांत धरलं आहे आणि चाळीस रात्रींपेक्षा जास्त ती राखू नयेत असं आहे. नमाजाआधी वुजू करताना पाणी नखापर्यंत पोचायला हवं. म्हणून मेंदी चालते, कारण ती नखात मुरते. पाणी अडवणारं नेलपॉलिश आधी काढावं लागतं. शास्त्रार्थाची बाजू बाजूला ठेवली तरी हा फरक विचार करण्याजोगा आहे. एक रंग नखावर बसतो आणि खालचं वाढणं झाकतो. टवका उडाला की पुसून दुसरा थर चढतो आणि बोट कायम कालच्यासारखं दिसत राहतं. दुसरा नखाबरोबर चालतो. विरोचनाला बहुधा पहिला आवडला असता. त्यात पाप काही नाही. फक्त बघण्यासारखं जे आहे ते त्याखाली जातं.

तै महिन्यातल्या एखाद्या दुपारी, उन्हात पाय पसरून बसलेल्या बाईच्या नेलकटरमधून आडीतल्या रंगाची ती शेवटची तांबडी कोर टचकन उडते. नखं घरात सांडू नयेत, पायाखाली येऊ नयेत, तिन्हीसांजेला काढू नयेत, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून ती मांडीवरचा कागद झटकते, नऊ तुकडे मोजते आणि दहावा शोधायला फरशीवर तळहात टेकून, डोळे बारीक करून, उजेडाच्या तिरीपेत बघत राहते.